देवळाची पायरी आणि दवाखान्याची पायरी

(गणेशोत्सवातील एका व्याख्यानमालेत ‘धर्म, अध्यात्म आणि मनाचे आरोग्य’ या विषयावर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



संयोजकांनी आजचा विषय कळविला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो अधिकाराचा. मी वैद्य नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही आणि कीर्तनकारही नाही. कलाशाखेची पदवी घेऊन पत्रकारितेत आलो आणि आजतागायत तीच वाट चालतो आहे. परंतु पत्रकाराला एक लाभ असतो. त्याला देवळाच्या ओवरीतही बसता येते आणि मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावरही बसता येते. या दोन्ही ठिकाणी मी पुष्कळ वेळ बसलो आहे आणि दोन्हीकडे मला बहुधा एकाच प्रकारची माणसे भेटली. सकाळी मुलाला घेऊन दवाखान्यात केसपेपर काढणारी आई सायंकाळी ग्रामदैवतापुढे नारळ ठेवते. तिच्या मनात या दोन गोष्टींत काहीही विरोध नसतो. विरोध असतो तो आपल्यासारख्या शिकलेल्या, वाद घालणाऱ्या मंडळींच्या मनात.

या वादात दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, ‘देवाधर्माचे नीट केले, नामस्मरण केले, तर मनाचे विकार होतच नाहीत, ज्यांना होतात त्यांची श्रद्धा कमी पडली असली पाहिजे.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘धर्म हाच मुळी मनाचा दुबळेपणा आहे, माणूस जसजसा शहाणा होईल तसतशी ही कुबडी गळून पडेल.’ मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पहिला आजाऱ्यावर अन्याय करतो आणि दुसरा त्याच्या हातातली काठी काढून घेतो. आज या दोहोंच्या मधली वाट आपण पाहू.

पूर्वसूरींचा विचार

आपल्याकडे मनाच्या आजाराचा शास्त्रीय विचार झालाच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. उन्माद म्हणजे काय, हे सांगताना चरकाचार्य आठ गोष्टींचा विभ्रम सांगतात : मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार. आजचा मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला पहिल्यांदा तपासतो तेव्हा साधारण याच गोष्टी पाहतो. बोलणे सुसंगत आहे का, आठवण ठीक आहे का, आवडीनिवडी अचानक पालटल्या आहेत का, वागणे बदलले आहे का, असे तो विचारतो. येथे ‘भक्ती’ हा शब्द देवभक्ती या अर्थाने नसून आवड, ओढ या अर्थाने आलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

त्याच चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, बली, उपवास, तीर्थयात्रा ही दैवव्यपाश्रय चिकित्सा; आहार आणि औषध यांची योजना ही युक्तिव्यपाश्रय चिकित्सा; आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणे ही सत्त्वावजय चिकित्सा. या तिन्हींना एकाच वैद्यकात स्थान आहे. मंत्र म्हणणाऱ्याने औषध सोडावे, असे तेथे कोठेही नाही. आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. देव, गंधर्व, पिशाच हे माणसाला उगीचच पीडा देत नाहीत, असे सांगून चरकाचार्य दोष आपल्या प्रज्ञापराधाकडे, म्हणजे बुद्धीच्या चुकीकडे वळवितात आणि त्याचे खापर देवांवर फोडू नये, असे बजावतात. अर्थात आजाराचा दोष आजाऱ्याच्याच कर्मावर ठेवण्याची वाटही येथूनच निघते. त्या धोक्याकडे मी पुढे येईन.

पतंजलींच्या योगसूत्रांकडे वळू. चित्ताला विक्षिप्त करणारे जे नऊ अंतराय तेथे सांगितले आहेत, त्यांत पहिला कोणता? व्याधी. त्यानंतर मनाचे जडत्व, संशय, हयगय, आळस असे एकेक येतात. त्यांच्या जोडीला येणारी चिन्हेही दिली आहेत : दुःख, खिन्नता, अंगाचा कंप, श्वासाची अनियमितता. ज्यांनी घरात चिंतेने ग्रासलेला माणूस पाहिला आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. साधना करणाऱ्यालाही हे होऊ शकते, हे त्या शास्त्राने गृहीतच धरले आहे. मग ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणि गीता? तिचा आरंभच एका खचलेल्या माणसापासून होतो. अर्जुनाचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, अंग थरथरते, कातडीची आग होते, हातातले धनुष्य निसटते. भगवंत त्याला एकदा कठोर शब्दांत टोचतात. परंतु तेवढ्यावर थांबत नाहीत. अठरा अध्याय संवाद चालतो. अर्जुन शंका काढतो, तेच तेच पुन्हा विचारतो, तक्रारही करतो आणि शेवटी निर्णय त्याच्यावरच सोपविला जातो. आधुनिक समुपदेशनात ज्याला समोरच्याचे ऐकून घेणे आणि निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे ठेवणे म्हणतात, ते येथे आहे. भारतातील अनेक मानसोपचारतज्ज्ञांनी गीतेचा या अंगाने अभ्यास केला आहे. तरीही एक भेद विसरू नये. अर्जुनाला प्रसंगाने विषाद आला होता. ज्याला वर्षभर कानात आवाज ऐकू येतात, आपल्याला कोणी विष घालते आहे असे वाटते, त्या तरुणापुढे गीतेचे पारायण करून भागत नाही. त्याला औषध लागते.

पश्चिमेचा प्रवास

पश्चिमेकडे या विषयाची गाडी बरीच वळणे घेत गेली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ साली धर्माला ‘भ्रम’ ठरविणारा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांनी त्यांना पत्र लिहून कळविले की, धर्माच्या मुळाशी असणारी अमर्यादाची, सागरासारखी जी अनुभूती आहे, तिचा विचार तुम्ही केलेला नाही. हे रोलाँ पुढे रामकृष्ण परमहंस आणि स्वामी विवेकानंद यांची चरित्रे लिहिणारे. फ्रॉइड यांनी १९३० सालच्या आपल्या पुस्तकात या पत्राची दखल घेतली. मात्र आपल्याला स्वतःमध्ये अशी अनुभूती सापडत नाही, असेही प्रांजळपणे सांगितले.

याच काळात कोलकात्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. ते फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार करीत, मतभेद स्पष्टपणे मांडीत आणि दुसरीकडे गीता, पुराणे, योगसूत्रे यांवर लिहीत. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, कोलकात्याहून त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट गेली आणि धर्माला भ्रम म्हणणाऱ्या त्या पंडिताने ती आपल्या मेजावर ठेवली. फ्रॉइड यांचे मत त्यामुळे बदलले, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु परकीय शास्त्र शिकण्यासाठी आपल्या परंपरेकडे पाठ फिरवावी लागत नाही, हे बोस यांनी त्या काळी दाखवून दिले.

पुढे जगाचीही दृष्टी बदलत गेली. १९८४ साली जागतिक आरोग्य परिषदेने आरोग्याच्या आध्यात्मिक परिमाणाचा विचार व्हावा, असा ठराव केला. १९९४ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ‘धार्मिक अथवा आध्यात्मिक समस्या’ अशी स्वतंत्र नोंद आली. श्रद्धेविषयीचा प्रत्येक पेच हा आजार नसतो, हे त्यातून मान्य झाले.

संशोधन काय सांगते?

आता मोजमापाकडे येऊ. २०१६ साली अमेरिकेतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे नव्वद हजार परिचारिकांची १९९६ ते २०१० या काळातील माहिती त्यात तपासली होती. आठवड्यातून एकदा अथवा अधिक वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये आत्महत्येचे प्रमाण, कधीही न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एक-पंचमांश आढळले. या स्त्रिया बहुतांशी ख्रिस्ती होत्या. त्यामुळे अमुक एका धर्माचा मोठेपणा यातून सिद्ध होत नाही. मात्र चार माणसांत मिसळून केलेल्या उपासनेचा आणि जगण्याच्या इच्छेचा काही संबंध आहे, एवढे खचित दिसते.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. प्रयागच्या माघमेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगेच्या वाळवंटात राहतात. थंडी, गर्दी, ध्वनिवर्धकांचा गोंगाट, साधे अन्न. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकानुसार त्यांनी आजारी पडायला हवे. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी २०११ च्या मेळ्यातील चारशेहून अधिक कल्पवाशांची मेळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी केली. तुलनेसाठी मेळ्यास न गेलेले लोकही घेतले. महिन्याभराने परत गेल्यावर कल्पवाशांना आपली शारीरिक आणि मानसिक स्थिती सुधारल्याचे जाणवत होते. न गेलेल्यांमध्ये तसे आढळले नाही. आषाढीला आळंदीहून पंढरपूरला पायी जाऊन आलेल्या कोणत्याही वारकऱ्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. वारीत कोणी एकटा नसतो. दिंडीत प्रत्येकाला जागा ठरलेली असते, ओळखीचा-अनोळखी ‘माउली’ म्हणून हाक मारतो, थकलेल्याला हात देतो. आजच्या शहरी घरांत पोटभर अन्न मिळते. ही हाक मात्र मिळत नाही.

योगसाधनेविषयीही काम झाले आहे आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पतंजलींच्या संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर वापरून पाहिली आणि निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून मांडले. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २००० साली तीव्र नैराश्याच्या ४५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला विद्युत्-उपचार, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला सुदर्शन क्रिया. चार आठवड्यांनी आजाराची लक्षणे ओसरलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के होते. श्वासाची क्रिया औषधाच्या जवळपास पोचली, ही समाधानाची गोष्ट. परंतु विद्युत्-उपचार सर्वांत प्रभावी ठरला, हेही तेवढ्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. शिवाय रुग्ण थोडे होते आणि ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. घरी बसून, गोळ्या फेकून देऊन केलेला हा प्रयोग नव्हता.

देवळात नेमके काय घडते?

याहून वेगळा एक अभ्यास २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तामिळनाडूतील मुथुस्वामी या देवस्थानात मनोरुग्णांना आणून ठेवण्याची प्रथा आहे. निम्हान्सच्या संशोधकांनी तेथे आलेल्या ३१ जणांची पाहणी केली. त्यांपैकी बहुतेकांना स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार होते. ते सरासरी सहा आठवडे राहिले. बरोबर घरचे एक माणूस असे. राहणे विनामूल्य. सकाळी पूजेला बसावे, मग झाडलोट करावी, झाडांना पाणी घालावे. मारहाण नाही, भूत उतरविण्याचा कोणताही खास विधी नाही. या मुदतीत आजाराच्या लक्षणांची मोजपट्टी जवळजवळ वीस टक्क्यांनी खाली आली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही या अभ्यासाची मर्यादा आहे. परंतु संशोधकांनी काढलेला निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. गुण आला तो कोणत्या चमत्काराने नव्हे. आधार देणाऱ्या, न घाबरविणाऱ्या, माणसाला माणूस म्हणून वागविणाऱ्या वातावरणाने आला.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात याच्या उलट दिशेने, पण त्याच ठिकाणी पोचणारे काम केले. देवळातले वातावरण त्यांनी रुग्णालयात आणले, असे म्हणता येईल. त्या काळी मनोरुग्ण म्हणजे घरच्यांनी सोडून दिलेला जीव. डॉक्टरांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले, नातेवाईकांना तेथे राहायला बोलाविले, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून आजार समजावून दिला. घरचे माणूस जवळ राहिले की रुग्ण लवकर सावरतो आणि घरी परत जातो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यांना काय दिसले? आजारी मुलाला घेऊन आलेल्या आयाच झपाटल्यासारख्या घुमू लागत. मुलाची पीडा आपल्या अंगावर यावी आणि तो मोकळा व्हावा, हा त्यांचा भाव. मातृत्वाचे हे रूप पाहून मन हेलावते. पण बातमीदाराच्या मनात एक प्रश्नही उभा राहतो. या आईचा भार कोण घेणार? घरात एक मनोरुग्ण असला की दुसरी रुग्ण बहुधा ती माउलीच होते. तिची नोंद मात्र कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

गाणगापूरला काही वर्षांपूर्वी गेलो होतो. आरतीच्या वेळी खांबांना लटकणारी, किंचाळणारी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तेथे सोलापूरकडची एक बाई विशीतल्या मुलाला घेऊन आली होती. मी विचारले, ‘ताई, याला डॉक्टरांना दाखविले का?’ ती म्हणाली, ‘दादा, तिकडं नेलं तर लोक याडा म्हणत्यात. हितं आणलं तर बाधा म्हणत्यात. बाधा बरी हो, ती निघून तरी जाती.’

या दोन वाक्यांवर मी पुढे पुष्कळ विचार केला. आपण तिला अंधश्रद्ध म्हणून मोकळे होऊ. पण तिचा हिशेब किती बिनचूक होता! ‘वेडा’ हा शिक्का जन्माचा. त्यामुळे मुलाचे लग्न अडते, बहिणीचेही अडते. ‘बाधा’ बाहेरून आलेली; तिच्यात मुलाचा दोष नाही आणि ती जाण्याची आशा आहे. समाज म्हणून आपण तिला दवाखान्यात हे दोन दिलासे देऊ शकलो नाही, म्हणून ती देवळात आली. तिच्या सांगण्यावरून असेही कळले की, तेथल्याच एका वृद्ध पुजाऱ्याने तिला ‘आरती चुकवू नको, पण सोलापूरच्या डॉक्टरांनाही दाखव’ असे सांगितले होते आणि ती आता जाण्याच्या विचारात होती. माझ्या विचारण्याने जे झाले नसते, ते त्या पुजाऱ्याच्या एका शब्दाने होऊ घातले होते.

साखळदंडांचा इतिहास

आता काळी बाजू. ती लपविणे हा धर्माचा आदर नव्हे. ६ ऑगस्ट २००१ या दिवशी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या खाजगी मनोरुग्णगृहांपैकी एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली. ही दुर्घटना एका विशिष्ट धर्मस्थळाजवळ घडली म्हणून बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चाबकाने फोडणे हे प्रकार सर्व धर्मांच्या स्थानांत झाले आहेत आणि आपल्या खेड्यांतही झाले आहेत. महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे व बांधून ठेवणे हा गुन्हा ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. देवाच्या दारी आलेल्या जीवाला बेडी घालणारा देवाचाच अपमान करतो, हे सांगायला खरे तर कायद्याची गरज पडायला नको होती.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो अपराधभावाचा. ‘हे माझ्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे’, ‘देवाने मला टाकले’ असे आजारी माणसाला वाटू लागले की, श्रद्धा औषध न राहता व्रण होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी २००१ साली सुमारे सहाशे वृद्ध रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ‘देवाने मला शिक्षा केली, मला सोडून दिले’ अशी भावना असणाऱ्यांमध्ये पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. श्रद्धा आहे की नाही, याइतकाच ती कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. कर्मसिद्धांत स्वतःच्या पुढच्या कृतीसाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी तो वापरणे हे क्रौर्य होय.

तिसरा धोका आचाराच्या अतिरेकाचा. सोवळे बिघडले या शंकेने दिवसातून पंचवीस वेळा हात धुणारी, जपाची संख्या चुकली म्हणून पुनःपुन्हा माळ ओढणारी, देवासमोर मनात भलते विचार येतात म्हणून भयाने रडणारी माणसे आपण पाहतो आणि ‘फार धार्मिक हो’ म्हणून कौतुक करतो. हा ओसीडी नावाचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहे आणि तो बऱ्याच अंशी आटोक्यात येतो. कसोटी सोपी आहे. पूजेतून उठल्यावर माणूस हलका होतो की अधिक धास्तावलेला?

चौथा धोका ध्यानाचा. ध्यान सर्वांना, सर्वकाळ, कितीही केले तरी हितकारकच, हा समज अलीकडे बोकाळला आहे. पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या प्रदीर्घ मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. भीती, निद्रानाश, स्वतःविषयी परकेपणा असे त्रासदायक अनुभवही साधकांना आल्याचे त्यात नोंदले आहे. आपल्या परंपरेला हे नवे नाही. म्हणून तर गुरूशिवाय साधना करू नये, असे सांगितले गेले आणि यम-नियम, आसन, प्राणायाम यांच्या पायऱ्या ध्यानाच्या आधी ठेवल्या. ज्याला पूर्वी गंभीर मनोविकार होऊन गेला आहे, त्याने दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

शोक आणि आजार

आपल्या परंपरेने शोकाची व्यवस्था फार सूक्ष्मपणे केली आहे. घरात मृत्यू झाला की तेरा दिवस कोणी एकटे राहत नाही. चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भात आणतात. दहाव्याला, तेराव्याला काय करायचे हे ठरलेले असते. रडायला मुभा असते आणि रडणे थांबविण्याची वेळही ठरलेली असते. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या काळात ही व्यवस्था मोडली. कित्येकांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शन झाले नाही, खांदा देता आला नाही. त्या घरांतील दुःख अजून कोठेतरी अडकून आहे, हे मी बातमीदारीच्या निमित्ताने पाहतो. विधी हा केवळ मृतासाठी नसतो, मागे राहिलेल्यांसाठीही असतो, हे तेव्हा ध्यानात आले.

तुकोबांच्या आयुष्यात इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने पत्नी नेली, मुलगा नेला, व्यापार बुडाला. ते डोंगरावर एकांतात गेले. पण परत आले. परंपरा सांगते की, लोकांकडे अडकलेल्या कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. दुःखाला भक्तीची वाट मिळाली आणि ते साऱ्या महाराष्ट्राचे धन झाले. परंतु प्रत्येक खचलेल्या माणसाने तुकाराम व्हावे, अशी अपेक्षा धरू नये. शोक हा आजार नाही, हे जितके खरे. तितकेच हेही खरे की, महिनोन्‌महिने झोप नाही, अन्नावर वासना नाही, मरणाचे विचार येतात, ही स्थिती केवळ शोकाची नव्हे. तिला नैराश्य म्हणतात आणि ते मधुमेहाइतकेच खरेखुरे दुखणे आहे.

आपण काय करावे?

परिस्थिती गंभीर आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतील २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मानसोपचारतज्ज्ञ लाख लोकसंख्येमागे एकही नाही. आणि देवळे? ती गावोगाव आहेत. कीर्तनकार, पुजारी, भजनी मंडळे, सत्संगाचे वर्ग वस्तीवस्तीत आहेत. आजारी माणूस आधी त्यांच्या दारी जातो. मग या दाराला दवाखान्याकडे उघडणारी खिडकी का असू नये?

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास असा प्रयोग सुरू झाला. तेथील मुजावरांना मनोविकारांची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. आलेल्या माणसाला ते दुवा देतात आणि तेथेच असलेल्या डॉक्टरांकडेही पाठवितात. कोणाची श्रद्धा मोडली नाही आणि औषध पोटात गेले. चांगली गोष्ट कोठूनही घ्यावी. आपल्या देवस्थानांनी, विशेषतः ज्यांची ख्याती पीडा दूर करणारी म्हणून आहे त्यांनी, हे करण्यास काय हरकत आहे? मोठ्या देवस्थानांकडे निधी आहे, भक्तनिवास आहेत, अन्नछत्रे आहेत. आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसेल अशी एक खोली आणि सोबत आलेल्या आयांना बोलायला एक जाणती स्त्री, एवढ्यापासून आरंभ करता येईल.

कीर्तनकार महाराजांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या शब्दाला जे वजन आहे ते वर्तमानपत्राच्या अग्रलेखाला नाही. निरूपणात एकदा तरी सांगा की, मनाचा आजार हे पाप नाही आणि डॉक्टरची गोळी घेतल्याने भक्तीला उणेपणा येत नाही. गुरुपदावर बसलेल्यांनी तर ‘गोळ्या सोड, नाम घे’ असे कधीही सांगू नये. अशा एका वाक्याने सावरत आलेला रुग्ण पुन्हा कोसळतो. ‘गोळ्या घे आणि नामही घे’ असे म्हणायला किती शब्द अधिक लागतात?

आणि घरातल्या आपण सर्वांनी? ‘मन खंबीर कर’, ‘तुला काय कमी आहे?’ हे उपदेश आवरावेत आणि ऐकून घ्यावे. मरणाची भाषा कोणी बोलला तर ती थट्टा समजू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केला की, प्रशिक्षित व्यक्ती विनामूल्य बोलते. हा क्रमांक देवळाच्या सूचनाफलकावर, आरतीच्या वेळांच्या शेजारी लिहून ठेवावा. आपल्या मांडवाच्या प्रवेशद्वाराशीही तो लावता येईल. कार्यकर्त्यांनी मनावर घेतले तर आज रात्रीच.

बंधु-भगिनींनो, समर्थांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले. त्यात त्यांनी मनाला दटावले आहे, तसेच ‘सज्जन’ म्हणून गोंजारलेही आहे. आपण दटावणे तेवढे उचलले, गोंजारणे विसरलो. देवळाची पायरी चढणाऱ्याला दवाखान्याची पायरी चढताना लाज वाटू नये आणि दवाखान्यातून परतणाऱ्याला देवळात, घरात, मांडवात पूर्वीसारखीच जागा मिळावी, एवढे जरी आपल्या गावापुरते साधले, तरी त्या सोलापूरकडच्या माउलीला ‘बाधा बरी’ असे म्हणावे लागणार नाही.